मोरनीच्या गळ्यातली थैली

१

जत्रा उठून तिसरा दिवस होता. आंबेखेड्याच्या पारावर माणसं ऊन खात बसली होती. तेवढ्यात धुळ्याच्या तोताराम शेठची जीप येऊन थांबली. शेठ खाली उतरला, हातातली लाल थैली त्याने पितांबर आबांच्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "आबा, हे तुमचं इनाम. मोजून घ्या."

थैली बुडाशी चिरलेली होती. पितांबर आबा म्हणजे शर्यत कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी ती उचलून उलटी केली. आतून नोटांएवढे कापलेले वर्तमानपत्राचे तुकडे पडले. दोऱ्याने नीट बांधलेल्या अकरा गड्ड्या. वजन यावं म्हणून घातलेले मूठभर लोखंडी वायसर दगडावर खुळखुळत गेले.

पारावरची माणसं वाकून बघायला लागली.

माघातल्या खंडेरावाच्या जत्रेत पहिल्याच दिवशी गिरणेच्या काठी घोड्यांची शर्यत व्हायची. यंदा, म्हणजे एक्याण्णव साली, तोतारामची मोरनी नावाची घोडी सलग चौथ्यांदा पहिली आली होती. जत्रेच्या शेवटच्या दिवशी अकरा हजार एक रुपयांची थैली तिच्या गळ्यात बांधून गावभर वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. थैली गावाच्या शिवेत उघडायची नाही, जिंकणाऱ्याने आपल्या देवघरात नेऊन उघडायची, हा तिथला रिवाज. तोतारामने तो पाळला आणि देवासमोर बायकोपोरांदेखत रद्दी उघडली.

"तीन रात्री थैली देवळात होती," आबा सावकाश म्हणाले. "देवळाची चावी एकाकडेच असते."

सगळ्यांच्या माना वळल्या. पाराच्या टोकाला वना गुरव उभा होता. त्याने हातातलं फुलांचं तबक खाली ठेवलं.

"शनिवारी शाळेत बैठक," आबांनी सांगितलं. "वना, तोवर पैसे काढून दे. नाहीतर चावी तिथे ठेवायची आणि देवळाच्या जागेतलं घर खाली करायचं."

"पोलिसात देऊ ना सरळ!" कोणीतरी म्हणालं.

"दे. पहिले पैजा घेणारी कमिटीच आत जाईल. तुझा मामा पण त्यात आहे." आबांनी मग मान वळवली. "चुडामण गुरुजी, तुम्ही वाचनालयात बसून इतक्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचल्या. गावाच्या वर्गणीतून आणलेल्या. आता जरा कामाला लावा ते डोकं."

लोक हसले. चुडामण गुरुजी पेपराच्या आड होते, ते आणखी आत गेले. सहासष्ट वर्षांचा हा निवृत्त शिक्षक चार माणसांत उभा राहिला की घाबरा व्हायचा. तरी वनाचा चेहरा बघून ते उठले. खाली वाकून त्यांनी कागदाची एक गड्डी सोडली.

वरच्याच तुकड्यावर अर्धा निळा शिक्का होता. तो त्यांनीच मारलेला. 'सार्वजनिक वाचनालय, आंबेखेडे.'

२

तोताराम शेठ ट्रकांच्या धंद्यातला माणूस होता. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि घोड्यांचा नाद सगळ्यांत मोठा. हॉटेलाच्या बाकावर त्याने गुरुजींना चहा पाजला आणि भज्यांची बशी पुढे सरकवली.

"विचारा गुरुजी. माझ्यावर पण संशय घ्या. मी तुमच्या जागी असतो तर पहिला माझ्यावरच घेतला असता."

गुरुजी गोंधळले. खरं तर हाच प्रश्न त्यांच्या मनात होता, आणि तो विचारावा कसा म्हणून ते मघापासून चहा फुंकत होते.

"थैली बुडाशी का चिरली?"

"तोंडाला टाके घातलेले असतात ना. त्यावर तुमच्या बायका देवाचा ओला भंडारा लिंपतात. तो भंडारा आमची म्हातारी मोडू देत नाही. दर वर्षी बुडाशीच चिरतो. मागच्या तीन थैल्या देवघरात टांगलेल्या आहेत, येऊन बघा."

"आणि मागच्या तिन्ही वर्षी पैसे पुरे होते?"

"पैशाला पैसा. खोटं कशाला बोलू?" तोतारामने भजं तोंडात टाकलं. "पण एक सांगतो, तुमच्या शर्यतीत मजा राहिली नाही. पहिल्या साली मोरनीला कोणी ओळखत नव्हतं. मी दोनशे लावले, सतराशे भेटले. आता? यंदा शंभर लावले, वरती नऊ रुपये सुटले. नऊ! एवढ्यात माणसाची भजी होतात, घोडी उपाशी."

गुरुजी कसंनुसं हसले. पैजांचं बोलणं निघालं की त्यांना अवघडल्यासारखं होई. शर्यतीच्या मैदानावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. जुगार तो जुगारच, असं त्यांना वाटे. पण या जुगाराचं गणित त्यांचंच होतं, आणि ते त्यांना कुठे लपवावं ते कळत नसे.

चार वर्षांपूर्वी इनामाला पैसा कुठून आणायचा यावरून कमिटी अडली, तेव्हा आबा त्यांच्याकडे आले होते. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात योजना लिहून दिली. लोक कमिटीच्या टेबलावर पैसे लावतील. जिंकलेल्याला त्याची मूळ रक्कम पुरी परत, कारण देवाच्या जत्रेत कोणाच्या मुद्दलाला हात लावायचा नाही. हरलेल्यांचे पैसे जिंकलेल्यांत वाटायचे, पण वाटण्याआधी त्यातला दहावा हिस्सा कमिटीने ठेवायचा. त्यातून इनाम. पहिल्या वर्षी अडीच हजारांचं निघालं. दुसऱ्या वर्षी पाच हजारांचं निघून वर पैसे उरले. तेव्हा गुरुजींनी खाली चार ओळी वाढवल्या होत्या: 'इनाम मोठे केल्यास घोडे लांबून येतील. घोडे आल्यास गर्दी वाढेल. गर्दी वाढल्यास पैजा वाढतील. पैजांतून इनाम आपोआप निघेल, कधी कमी पडणार नाही. सबब इनाम अकरा हजार एक करावे.'

आबांनी त्या कागदाला काच लावून तो चावडीत टांगला होता. गुरुजी चावडीवरून जाताना मान खाली घालत, आणि तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून ती काच बघून घेत.

"शेठ," उठता उठता त्यांनी विचारलं, "आमच्या वाचनालयाची रद्दी तुमच्याकडे कधी आली होती?"

"धुळ्यात रद्दीचा दुष्काळ पडला काय?" तोताराम म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "पैसे आज ना उद्या येतील गुरुजी. पण मी देवघरात बसलो होतो आणि माझा नातू हसला. ते लागलं."

३

वाचनालयाची रद्दी दोनच ठिकाणी जायची. देवळात, प्रसादाच्या पुड्या बांधायला. तिथे गुरुजी ती फुकट देत. आणि झुलालच्या किराणा दुकानात, तिथे विकत.

वना गुरव देवळाच्या पायरीवर बसला होता. नैवेद्याची वेळ टळून गेली तरी चूल पेटली नव्हती.

"चावी मनी कंबरले व्हती गुरुजी," तो म्हणाला. "तीन रात मी गाभाऱ्याना दारशीच झोपनू. थैलीले हात बी लावेल नही. देव साक्षी शे, पन देव बैठकमा येस का बोलाले?"

"रद्दी कुठे ठेवतोस?"

वनाने कोनाडा दाखवला. कोनाड्यात वर्तमानपत्रांचा ढीग होता आणि ढिगाशेजारी कात्री. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं जुळत होतं, आणि पुस्तकात इतकं जुळलं की तो माणूस निर्दोष निघतो, हेही त्यांना ठाऊक होतं. पण असं बैठकीत कोणाला सांगायचं? आबा म्हणाले असते, गुरुजी, ही कादंबरी नाही.

"बठ्ठा गाव माले चोर म्हनी राहिना," वना म्हणाला. "चावी काय, शनिवारले दी टाकसू. पन वैशाखमा पोरनं लगन शे. सोयरा सावद्याना शेत. चोरनी पोर कोन करी, गुरुजी?"

देवळालगतच्या त्याच्या घरात भांडं वाजलं. दाराआडून ती मुलगी ऐकत होती. गुरुजींनी नजर खाली वळवली.

"थैली देवळात कोणी आणून ठेवली?"

"झुलालभाऊनी. खजिनदार तेच शेत ना. पैसा ते घरमा भरतस, एकला, देवघरनं दार लाईसन. मंग पाच सवाष्णी तोंड शिवतस, भंडारा लावतस, आनि वाजत गाजत देऊळमा."

झुलालचं नाव येताच गुरुजींनी मान हलवली. झुलाल त्यांचा विद्यार्थी. गावात गणिताला तसा मुलगा दुसरा झाला नाही. उधारीची वही न उघडता बाकी सांगणारा, आणि एका पैशाची चूक निघाली तर पावसात घरी येऊन परत देणारा.

ते पायरी उतरत होते, तेव्हा वना मागून म्हणाला, "गुरुजी, एक इचारू? तुमीच लिखेल शे ना, काचमा... इनाम कधी कमी पडाव नही. मंग अकरा हजार व्हतातच. मंग ते गयात कोठे?"

गुरुजी तसेच पायऱ्या उतरत राहिले. प्रश्न कुठेतरी टोचला होता, आणि कुठे टोचला ते त्यांना सापडेना.

४

"जेवताना वाचू नका," गुरुजींच्या पत्नी लिलाबाई म्हणाल्या.

"वाचत नाही. बघतोय."

ताटाशेजारी थैली होती आणि गुरुजींच्या हातात बारीक अक्षर वाचायचं भिंग. बाजूच्या शिवणी मशीनच्या, जुन्या, कुठेही उसवलेल्या नाहीत. बुडाशी तोतारामचा एक चिरा. तोंडावर लाल दोऱ्याचे टाके आणि त्यावर वाळलेल्या भंडाऱ्याचा जाड पिवळा थर.

"वनाने टाके उसवले असतील, पैसे काढून पुन्हा शिवले असतील, आणि वर नवा भंडारा लिंपला असेल," गुरुजी स्वतःशीच बोलले. "भंडारा तर देवळात पोत्याने आहे."

"आणा इकडे." लिलाबाईंनी खरकटा हात धुतला, पदराला पुसला आणि थैली खिडकीजवळ नेली. "पाच जणींत मी पण होते म्हटलं. भंडारा लावून झाला की प्रत्येकीने त्यावर अंगठा दाबायचा असतो. हे बघा पाच ठसे. हा कोणाचा?"

गुरुजींनी भिंग धरलं. पिवळ्या थरात अंगठ्याचा ठसा उमटला होता आणि त्यातून एक तिरपी रेघ आरपार गेली होती.

लिलाबाईंनी आपला अंगठा शेजारी धरला. तिथेही तीच तिरपी रेघ. "गेल्या आखाजीला विळीवर कापलं होतं. तुम्ही तेव्हा पुस्तकात होते. मी ओरडले तर म्हणाले, हं."

गुरुजी ओशाळले, पण क्षणभरच. मग ते ताटावरून उठूनच उभे राहिले.

"म्हणजे हा भंडारा त्याच दिवशीचा! थर कुठे तडकलेला नाही. टाके त्यानंतर कोणी उसवलेले नाहीत. वना सुटला!"

"मग जेवा आता."

पण गुरुजींचा घास हातातच राहिला. थैली देवळात उघडली गेली नाही, म्हणजे वना नाही. धुळ्यात अकरा गड्ड्यांएवढी शिक्क्याची रद्दी नाही, म्हणजे तोताराम नाही. तोंड शिवलं तेव्हा रद्दी आत होतीच. आणि ती देवघराचं दार लावून एकट्याने भरली होती.

"झुलाल..." ते म्हणाले. "झुलाल असं करणार नाही."

लिलाबाईंनी थैली परत ताटाशेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "मी सांगणार नव्हते. थैली शिवताना त्याच्या बायकोच्या, मंजुळाच्या हातात गोठ-पाटल्या नव्हत्या. बेंटेक्सच्या बांगड्या होत्या, मनगट हिरवं पडलेलं. गळ्यातली एकदाणी पण नाही. मागच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाली, जळगावला उजळायला दिली. सोनं उजळायला वर्ष लागतं का हो?"

चोराच्या घरात सोनं येतं. इथे ते निघून गेलं होतं. गुरुजींच्या डोक्यात तोतारामची भज्यांची बशी आली, आणि त्यामागोमाग त्याचे ते नऊ रुपये.

५

शुक्रवारी दुपारी झुलालच्या दुकानात मंजुळाबाई एकट्याच होत्या. झुलाल पहाटेच्या गाडीने जळगावला गेला होता. चारच्या एस.टी.ने येणार होता.

"बसा गुरुजी," म्हणून त्यांनी स्टूल पुसलं. हात पदराखाली घेतले, पण तेवढ्यात हिरवं मनगट दिसायचं ते दिसलं.

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली आणि पुडीच्या कागदावर मांडायला लागले. गणित पाचवीतल्या पोराचं होतं. शंभरावर नऊ सुटले. म्हणजे दहावा हिस्सा कापण्याआधी ते दहा होते. म्हणजे मोरनीवर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे विरुद्ध बाजूला हरणारे फक्त दहा रुपये. सगळं गाव जिंकणाऱ्या घोडीवर. विरुद्ध लावणार कोण? आणि कोणी हरलंच नाही, तर दहावा हिस्सा कशाचा?

पेन्सिल थांबली.

मोठं इनाम ठेवलं म्हणून मोरनी दर वर्षी येत राहिली. मोरनी येत राहिली म्हणून शर्यतीत कोण जिंकणार हे कुत्र्यालाही कळायला लागलं. हरणाऱ्यांच्या पैशांवर चालणारी शर्यत, आणि इनामाने हरणारेच पळवून लावले. मैदानावर एकदा जरी उभे राहिले असते तरी दिसलं असतं. गर्दी खरोखर वाढली होती. पैजाही लागत होत्या. त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ खरी ठरली होती. 'इनाम आपोआप निघेल' एवढी सोडून.

झुलाल आत आला. चव्वेचाळीस वर्षांचा, पण उन्हात चालून आल्यामुळे साठीचा दिसत होता. गुरुजींना बघून त्याने चप्पल दाराबाहेर काढली. स्वतःच्या दुकानात.

"मीच घेतले गुरुजी," तो उभ्याउभ्या म्हणाला. "वनाभाऊचा काही संबंध नाही. मोह झाला. आज पैसे आणले आहेत, रात्रीच धुळ्याला नेऊन देतो. तुम्ही उद्या सांगून द्या, झुलाल चोर निघाला."

"यंदा मोरनीवर किती लागले होते?"

झुलाल तराजूची पारडी सारखी करायला लागला.

"सांग."

"साठ हजार."

"आणि बाकी घोड्यांवर?"

"सहा."

"सहा हजारांचा दहावा हिस्सा सहाशे. झुलाल, सहाशे रुपयांतून अकरा हजार कसे चोरतात, ते मला एकदा शिकव."

पोत्याला टेकून उभ्या असलेल्या मंजुळाबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. "दोन वर्षं भरले ना गुरुजी आम्ही! पहिल्या साली माझ्या गोठ-पाटल्या. दुसऱ्या साली एकदाणी, आणि सासूबाईंच्या वाक्या. यंदा काहीच नव्हतं. हे म्हणाले, थैली धुळ्याला जाऊन उघडेपर्यंत दोन दिवस भेटतात, तेवढ्यात सोय करतो. आज दुकान विकायचा इसार घेऊन आले. हेच दुकान, गुरुजी."

"तू गप," झुलाल म्हणाला.

"कमिटीत का नाही सांगितलं?" गुरुजींचा आवाज चढला. आपल्याला राग आला आहे असं त्यांना वाटलं, पण ती लाज होती. "पहिल्याच वर्षी! माझ्याकडे का नाही आलास?"

"चावडीत काच लावलेली आहे," झुलाल म्हणाला. "त्याच्याखाली उभं राहून काय सांगू? गुरुजींचं गणित चुकलं म्हणून?"

"हो! तेच सांगायचं!"

झुलालने खाली बघितलं. हाताचा तळवा त्याने धोतरावर पुसला, लहान मुलासारखा.

"चौथीत एकदा सांगितलं होतं," तो म्हणाला.

गुरुजी स्टुलावर बसले.

कोणतं गणित, ते विचारायची गरज नव्हती. सत्तावन्न सालचा हौद. एक नळ चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, आणि तळाची तोटी बारा तासांत रिकामा करते. तिन्ही चालू ठेवले तर किती वेळात भरेल? फळ्यावर गुरुजींनी दोन तास चोवीस मिनिटं काढली. मागच्या रांगेतून दहा वर्षांचा झुलाल उठला आणि म्हणाला, गुरुजी, तीन तास. तुम्ही तोटी विसरले. वर्ग हसला. तरण्या चुडामण मास्तरांना ते हसणं सोसलं नाही. त्यांनी उलट बोलल्याबद्दल पाच छड्या मारल्या. आणि त्याच रात्री, कंदिलापाशी, त्यांना दिसलं की पोराचंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पुढचा धडा घेतला होता.

"तुम्हाला माहीत होतं," झुलाल म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघेनात. तेव्हाच समजलो. मग ठरवलं, गुरुजींचं चुकलं असं आपण बोलायचं नाही. त्यांना फार लागतं."

६

शनिवारी शाळेच्या मोठ्या वर्गात बैठक भरली. बाकांवर न मावणारी मोठी माणसं गुडघे वर काढून बसली होती. टेबलावर देवळाची चावी आधीच येऊन पडली होती. वना कोपऱ्यात उभा होता. तोताराम शेठ पुढे बसला होता, त्याच्या बाजूला झुलाल, मांडीवर पैशांची पिशवी घेऊन.

रात्रभर गुरुजींनी एक सोपी वाट शोधली होती. झुलाल पैसे देईल. थैलीची अदलाबदल झाली म्हणायचं. काही तरी म्हणता येईल. काच चावडीत राहील. पण मग गाव काय समजणार? वनाने गुपचूप परत केले. दर वेळी विचार तिथेच येऊन अडत होता, आणि दाराआडून वाजलेलं ते भांडं ऐकू येत होतं.

"बोला डिटेक्टिव्ह," आबा म्हणाले. "सापडला चोर?"

गुरुजी उठले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवून सोडलं. चावडीतली काच.

"चोर नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्यानं, गुरुजी!"

"चोरी झालीच नाही. चोरायला पैसेच नव्हते."

मग त्यांनी थैली दाखवली. भंडारा दाखवला. लिलाबाईंच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा बायकांत खसखस पिकली. मग ते फळ्याकडे वळले आणि खडू घेतला. साठ हजार. सहा हजार. सहाशे. आकडे वाकडे पडत होते. मोठं इनाम, त्यामुळे मोरनी, मोरनीमुळे एकच बाजू, एकच बाजू म्हणून हरणारा कोणी नाही. प्रत्येक वाक्य त्यांना उलटी केल्यासारखं बाहेर काढावं लागलं.

"मग मागची दोन वर्षं अकरा-अकरा हजार आले कुठून?" आबांनी विचारलं. त्यांचा चेहरा बदलला होता. काचेतल्या कागदावर त्यांचीही सही होती.

"मंजुळाबाईंच्या अंगावरून," गुरुजी म्हणाले. "माझी चूक झाकायला."

वर्गात पंखा नव्हता, तरी काहीतरी फिरत असल्यासारखा आवाज येत होता. माणसं जागच्या जागी कुजबुजत होती. यंदा शंभराला नऊ घेताना कोणीच विचार केला नव्हता, हेही त्यांना आता कळत असावं.

आबांनी चावी उचलली, उठून वनापर्यंत चालत गेले आणि त्याच्या हातात दिली. काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

तोतारामने घसा खाकरला. "इनाम नको असं मी म्हणणार नाही. धंदेवाला माणूस आहे. पण या दुकानाच्या पैशाला मी हात लावत नाही. झुलालभाऊ, इसार परत करा. कमिटीने भरावं, सावकाश. आणि पुढल्या साली मोरनी येणार नाही. तुम्ही तुमची तट्टं पळवा. कोण हरतं ते कोणाला माहीत नसलं म्हणजेच मजा."

"माझ्या पेन्शनमधून दर महिन्याला..." गुरुजी म्हणाले.

"ते बघू," आबा पुटपुटले. "सही मी पण केली होती."

लोक उठायला लागले. बाकं करकरली.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "अजून एक आहे."

त्यांनी फळा पुसला. मग सावकाश, जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं. एक नळ चार तास. दुसरा सहा तास. तळाची तोटी बारा तास.

मागे बसलेल्या काही पिकलेल्या डोक्यांनी ते ओळखलं. सत्तावन्न सालचा चौथीचा वर्ग अर्धा तिथेच होता. उठलेले परत बसले.

"झुलाल," गुरुजी म्हणाले, "उठ. हे तू सोडव."

झुलाल मान हलवत राहिला. मंजुळाबाईंनी त्याला मागून कोपराने ढोसलं, तेव्हा उठला. गुरुजींनी खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः खाली उतरून पहिल्या बाकासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून. त्यांना वर बघवेना, तरी त्यांनी बघितलं.

झुलालने पायऱ्या मांडल्या नाहीत. फक्त उत्तर लिहिलं. तीन तास.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. या वेळी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तेव्हाही बरोबर होतं. मला त्याच रात्री कळलं होतं."

मग त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर, बोटं ताणून. चाळीस वर्षं ते पोरांना जसा पुढे करायला सांगत, तसा.

झुलाल त्या तळव्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने उरलेला खडू त्यावर ठेवला आणि गुरुजींची बोटं एक एक करून मिटवली.